चौकशीवाला बुकैर

बुकैर गल्लीत शिरला की गल्लीतल्या गप्पा बंद पडायच्या. बायका दारातून आत जायच्या. भाजीवाला नीट रचलेले कांदे पुन्हा रचायला घ्यायचा. ज्याच्या तोंडाला दिवसभर विसावा नसे तो न्हावीसुद्धा गिऱ्हाइकाच्या मानेकडे टक लावून बघत राही. तेवीस वर्षं इजिप्तमधल्या फुस्तात शहरात हे असंच चाललं होतं, आणि आता बुकैरला त्याचं वाईट वाटायचंही बंद झालं होतं. वाटायचा तो फक्त शीण.

त्याचं काम असं. काझीसमोर कोणी साक्ष दिली की तो साक्षीदार कसला माणूस आहे, हे त्याच्या मोहल्ल्यात जाऊन विचारायचं. नमाज चुकवतो का, शब्द फिरवतो का, शेजाऱ्यांशी कसा वागतो, हमामात, चारचौघांच्या न्हाणीघरात, कमरेला काही न गुंडाळता उतरतो का. दहा-बारा जणांना विचारायचं आणि परत येऊन काझीला सांगायचं: माणूस सरळ आहे, किंवा सरळ नाही. सरळ नसेल तर त्याची साक्ष बाद. मग ती जमिनीची असो, लग्नाची असो की कोणाच्या जिवाची.

बुकैरचा बाप नाईलवरचा नावाडी. जुना धर्म सोडून तो मुसलमान झाला आणि खौलान या अरब टोळीच्या आश्रयाला गेला. तिथे पोराला लिहावाचायला मिळालं. पण बुकैरला हे काम मिळालं ते लिहिण्यावाचण्यामुळे नव्हे. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. कोणी काय म्हटलं, ते अडखळत म्हटलं की हसत, तो शब्दाला शब्द सांगायचा. पदरचं काही घालायचा नाही. त्या वेळच्या काझींना हे फार आवडलं. पुढे काझी बदलत गेले. कोणाला बगदादहून पाठवलं, कोणाला सुभेदाराने काढलं. बुकैर मात्र, काझी मशिदीत ज्या खांबाशी न्यायाला बसत, त्याच खांबाशी उभा राहिला.

सुरुवातीलाच त्याने एक नेम केला होता. ज्या गल्लीत चौकशी केली तिथे कोणाकडून काही घ्यायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. तेव्हा तो तरुण होता, त्याला त्याचा अभिमान वाटायचा. पण तेवीस वर्षांत चौकशी केली नाही अशी गल्लीच उरली नाही. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, दारोदार रांजण भरलेले असताना, बुकैर कोरड्या घशाने अख्खं शहर पालथं घालायचा. आता तर त्याचे पाय सुजायचे. दुपारी घरी येऊन तो ते गार पाण्यात सोडून बसायचा आणि त्याची बायको अर्वा समोर डाळ निवडत बसायची.

"तुमचं बरंय," ती म्हणायची, "साऱ्या गावाचं ऐकून येता आणि एक अक्षर सांगत नाही. आणि तुमच्या भीतीने मला कोणी काही सांगत नाही. तुमच्यापायी माझ्या कानांना उपास पडतो हो."

"मी काय करू?"

"काही करू नका. तेच तर करताय."

मुलगी लग्न होऊन नदीपलीकडे गीझाला गेली होती. घरात दोघंच. लग्नकार्यात गेली की अर्वाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राही.

एका गोष्टीचं मात्र बुकैरला अजून लागून राहिलं होतं. अकरा वर्षांपूर्वी नुऐम नावाच्या, भाकरी भाजून देणाऱ्या एका भट्टीवाल्याने भिंतीच्या भांडणात साक्ष दिली होती. तीन शेजाऱ्यांनी सांगितलं की तो शपथेवर खोटं बोलतो. बुकैरने ते जसंच्या तसं काझीला सांगितलं. साक्ष बाद झाली आणि बातमी बाहेर फुटली. बायका भाकरीची कणीक दुसरीकडे नेऊ लागल्या. दोन वर्षांत नुऐमची भट्टी विझली आणि पाठोपाठ तो स्वतःही गेला. पुढे कळलं, ते तिघेही विरुद्ध बाजूचे सोयरे होते. बुकैर धावत काझींकडे गेला; तर काझी नवे. "मेलेल्या माणसाच्या साक्षीचं आता काय करायचं?" ते म्हणाले. नुऐमची बायको धक्क्याजवळ खारवलेले मासे विकायला बसू लागली. बुकैरने धक्क्याचा रस्ता सोडला.

मग रय्याचा खटला आला.

रय्या ही एका ताग-सणाच्या व्यापाऱ्याची गुलाम. दक्षिणेकडच्या नूबा देशातून लहानपणी आणलेली, वीस वर्षं त्याच घरात चुलीपुढे गेलेली. व्यापारी मरायला टेकला, तेव्हा उकाडा सोसेना म्हणून त्याला गच्चीवर निजवलं होतं. तिथे त्याने दोघांना साक्षी ठेवून सांगितलं की माझ्यामागे रय्या मोकळी. तो गेल्यावर पुतण्या उकबा वारस म्हणून आला आणि म्हणाला, असं काही झालंच नाही, बाई घराबरोबर माझी. त्याने तिच्यासाठी अलेक्झांड्रियाचं गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं.

दोन साक्षीदारांपैकी एक मुलांना कुराण शिकवणारे वृद्ध गुरुजी. त्यांच्याबद्दल कोणाला शंका नव्हती. पण साक्षी दोन लागत, आणि दुसरा होता हैवा कुंभार.

"भट्ट्यांच्या मोहल्ल्यातला," काझी म्हणाले. "तुझ्या ओळखीचा असेल."

"लहानपणापासून ओळखतो, साहेब. दुसऱ्या कोणाला पाठवा."

"दुसरा आहे कोण? जा."

हैवाशी बुकैरची मैत्री होती, म्हणजे साऱ्या फुस्तातमध्ये बुकैरला लांबून हाक मारणारा तो एकटाच. "काय रे चौकशी, आज कोणाचं उकरतोयस?" असं तो चाकावरून ओरडायचा आणि बाकीचे कुंभार माना खाली घालायचे. हैवाला बायको नव्हती, मूल नव्हतं. होती ती कबुतरं. साठेक असतील. संध्याकाळी तो गच्चीवर चढून ती उडवायचा, आणि नेमकं तिथेच घोडं अडत होतं. कबुतरं उडवणाऱ्याची साक्ष काझी धरत नसत. असा माणूस दुसऱ्याचं पाखरू आपल्या थव्यात ओढतो आणि कानावर हात ठेवतो, शिवाय उंचावरून लोकांच्या अंगणातल्या बायाबापड्या बघतो, असं सगळे मानत.

बुकैर चार दिवस त्या मोहल्ल्यात फिरला. बारा जणांना विचारलं. बाराही जण म्हणाले, कबुतरं उडवतो. एक म्हणाला, घाण पडते आमच्या वाळवणावर. एक म्हणाला, जुम्म्याला उशिरा येतो. दोघांनी एकच वाक्य एकाच सुरात सांगितलं, "त्याच्या शब्दाचा भरवसा नाही." बुकैरच्या कानाला ते लगेच कळलं. हे वाक्य त्यांचं नव्हतं, कोणीतरी पढवलेलं होतं. उकबाचा कारभारी दोन दिवसांपूर्वी इथे येऊन गेल्याचंही त्याला समजलं.

पाचव्या दिवशी त्याने कधी न केलेली गोष्ट केली. ज्याची चौकशी होती त्याच्याच घरी गेला. हैवा गच्चीवर पिंजरे झाडत होता.

"अरे, चौकशी जिना चढून आली!" हैवा म्हणाला. "बस. पाणी देत नाही, घाबरू नकोस."

"हैवा, त्या दिवशी तू काय पाहिलंस?"

"काझीसमोर सांगितलंय."

"मला सांग."

हैवाने केरसुणी ठेवली. "ती समोरची गच्ची त्याची. मी इथे थवा खाली उतरवत होतो. गुरुजी त्याच्या उशाशी बसलेले. त्याने हाताने मला कठड्याजवळ बोलावलं. आवाज खोल गेलेला, पण शब्द स्वच्छ. म्हणाला, हैवा, तूही ऐक, माझ्यामागे ही मोकळी आहे. ती पायाशी वारा घालत होती. तिच्या हातातला पंखा थांबला. मग पुन्हा सुरू झाला. एवढंच."

बुकैरला हसावं की रडावं कळेना. कबुतरं होती म्हणून हा माणूस साक्षीदार झाला, आणि कबुतरं होती म्हणून त्याची साक्ष जाणार.

"ऐक," तो म्हणाला, "विकून टाक ही. उद्याच मशिदीत चारचौघांपुढे सांग, चुकलो, सोडलं हे. काझी तारीख पुढे ढकलतील. काही महिन्यांनी तुझी साक्ष धरतील."

"आणि मला पाखरं उडवल्याचा पस्तावा झालाय म्हणून सांगू?"

"हो."

"झालेला नाही, गड्या." हैवा कठड्याला टेकला. "माणसांनी मला खरं मानावं म्हणून मशिदीत उभा राहून आधी खोटं बोलू? मग त्या खोट्यावर ती काय मोकळी होईल? तुम्हा लोकांचं डोकं चालतं तरी कसं?"

"तिचा तर विचार कर."

"तिचाच करतोय. तू कर की. तू किती वर्षं ओळखतोस मला?"

"पन्नास."

"मी खोटं बोललेलो आठवतंय?"

बुकैरने खरंच आठवून बघितलं. हैवा भांडला होता, शिव्या दिल्या होत्या, एकदा ओल्या मातीचा गोळा फेकून त्याने तोलाऱ्याचं नाक फोडलं होतं. दुसऱ्याचं चुकलेलं कबूतर पिंजऱ्यात घालून मालक शोधत तो भर उन्हात शहराबाहेर पार मुकत्तमच्या टेकडीपर्यंत गेला होता. खोटं मात्र आठवेना.

"मग तेच सांग जाऊन," हैवा म्हणाला.

"मी लोक काय म्हणतात ते सांगतो. मी काय म्हणतो ते कोणी विचारत नाही."

"विचारत नाहीत की तू सांगत नाहीस?" असं म्हणून हैवाने पुन्हा केरसुणी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर काझी खांबाशी बसले. उकबा एका बाजूला, रय्या दुसऱ्या बाजूला. रय्याने मान वर केली नव्हती. तिच्या उजव्या हाताची बोटं भाजून भाजून गुळगुळीत झाली होती. बुकैरने ते बघितलं आणि नजर काढून घेतली.

"बोल," काझी म्हणाले.

नेहमीसारखं सगळं त्याला काझींच्या कानात सांगायचं होतं. तो वाकला, पण मग सरळ झाला आणि मोठ्याने बोलू लागला. बारा जणांचं म्हणणं त्याने शब्दाला शब्द सांगितलं, वाळवणासकट. मग म्हणाला, "शेवटचे दोघं पढवलेले आहेत. कोणी पढवलं ते माझ्याजवळ सिद्ध नाही, म्हणून नाव घेत नाही. आता माझं सांगतो."

"तुझं?" काझींनी वर पाहिलं.

"हैवाला मी पन्नास वर्षं ओळखतो. तो कबुतरं उडवतो आणि तो खोटं बोलत नाही. दोन्ही खरं आहे. त्याच्या सरळपणाची ग्वाही मी देतो."

उकबा हसला. "दोस्त दोस्ताची ग्वाही देतोय, काझीसाहेब."

"खरं आहे," काझी म्हणाले. "बुकैर, दोस्त दोस्ताबद्दल बोलला तर त्याला मी किती किंमत द्यायची?"

बुकैरचे पाय ठणकत होते. त्याला खाली बसावंसं वाटत होतं. "तेवीस वर्षं मी लोकांच्या वैऱ्यांचं ऐकून आणतोय, साहेब," तो म्हणाला. "त्याला तर तुम्ही सगळे काझी पुरेपूर किंमत देत आलात."

मशिदीतला झाडलोट करणारा माणूससुद्धा थांबला. काझी चिडले नाहीत. तेही वयस्कर होते. दाढीतून बोटं फिरवत म्हणाले, "ग्वाही द्यायची तर तू आता माझा चौकशीवाला नाहीस. तू साक्षीदार. आणि साक्षीदार म्हटला की त्याची चौकशी आली. दर्राज, तू कर."

दर्राज हा मशिदीतला खोकल्याने बेजार असलेला कारकून. त्याला हे काम नको होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसलं. रय्याला तोवर गुरुजींच्या घरी ठेवलं.

पुढचे आठ दिवस बुकैर घरी बसून होता. नुसतं बसणं त्याला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कांदे आणायला गेला, तर भाजीवाला आणि दर्राज बोलत होते. त्याला बघून दोघं गप्प झाले. बुकैर कांदे न घेताच परत आला. कोण काय सांगत असेल? तो एक एक चेहरा आठवू लागला. ज्याची साक्ष आपल्यामुळे गेली तो शिंपी. ज्याचं लग्न मोडलं तो तेली. त्या प्रत्येकाकडे आता सांगायला काहीतरी होतं आणि ऐकायला दर्राज होता.

"घाबरलात?" अर्वाने विचारलं.

"हो."

"मग इतकी वर्षं लोकांचं काय होत होतं, ते कळलं." हे ती टोचून बोलली नाही. डाळीचं सूप त्याच्यापुढे सारलं आणि त्याच्याजवळ बसून राहिली.

"तू काय सांगितलंस दर्राजला?" त्याने विचारलं.

"बायकोला विचारत नाहीत. विचारलं असतं तर म्हटलं असतं, खरा माणूस आहे, पण याच्याबरोबर जेवायला फार एकटं वाटतं."

नवव्या दिवशी पुन्हा सगळे खांबाशी जमले. दर्राज कानात सांगायला वाकला. काझी म्हणाले, "मोठ्याने. याची चौकशी याच्यासमोर होऊ दे."

दर्राज खोकला. "चौदा जणांना विचारलं. अकरा जण म्हणाले, तो आम्हाला आवडत नाही. का, तर म्हणे दारात आला की जीव घाबरा होतो. खोटं बोलतो का, विचारलं. अकराही नाही म्हणाले. दोघांनी दार लावून घेतलं."

"आणि चौदावा?"

"धक्क्यावर मासे विकणारी बाई आहे. भट्टीवाल्या नुऐमची विधवा."

बुकैरने डोळे मिटले.

"ती म्हणाली," दर्राजने घसा साफ केला, "माझ्या नवऱ्याला या माणसाच्या जिभेने बुडवलं. लिहून घे, म्हणाली. पण ते खोटं याचं नव्हतं, लोकांचं होतं. याने त्यात पदरचं एक अक्षर घातलं नाही. घातलं असतं, जरा स्वतःचं डोकं चालवलं असतं, तर माझं घर राहिलं असतं. आता म्हणे हा स्वतःच्या तोंडाने बोलतोय? मग ऐका एकदा, असं म्हणाली."

काझींनी निकाल सांगितला. बुकैरची ग्वाही धरली, हैवाची साक्ष धरली, गुरुजींची होतीच. रय्या मोकळी. कबुतरांबद्दल हैवाला चार शब्द सुनवायला ते विसरले नाहीत. हैवाने ते ऐकून घेतले आणि मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कोणाला समजलं नाही.

रय्याने कोणाचेही आभार मानले नाहीत. उठली, ओढणी सारखी केली आणि उकबाच्या समोरून चालत बाहेर गेली. दारात क्षणभर थांबली, डावीकडे जावं की उजवीकडे हे ठरवत असावी. मग उजवीकडे गेली. पूर येण्याआधी दक्षिणेकडे जाणाऱ्या नावेतून ती गेली, असं पुढे कोणीतरी म्हणालं. बुकैरने खरंखोटं करायचा प्रयत्न केला नाही.

काझींनी त्याला थांबवून म्हटलं, "तुला परत घेता येणार नाही. उद्या लोक म्हणतील, हा आपल्या माणसांसाठी तोंड उघडतो."

"मला यायचंही नाही, साहेब. थकलोय."

तिथून तो घरी न जाता धक्क्याकडे गेला. इतक्या वर्षांत रस्ता बदलला होता, दोनदा चुकला. नुऐमची बायको मडक्यांमागे बसली होती. केस पार पांढरे झालेले. तिने त्याला लगेच ओळखलं.

"काकू," तो म्हणाला, आणि मडक्यांपुढे उभा राहिला.

"तू एक बरं काम केलंस म्हणून मी तुला माफ केलंय, असं समजू नकोस," ती म्हणाली.

"नाही समजत."

"मग उन्हात कशाला उभा राहिलास? मासे हवेत?"

"द्या दोन."

तिने दोन मासे पानात बांधून दिले. त्याचे फुटलेले ओठ बघून शेजारच्या मडक्यातलं पाणीही पुढे केलं, दुसरीकडे बघत. बुकैर ते उभ्याउभ्याच प्यायला. त्या दिवशी घरी जाऊन तो जो झोपला तो दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावरच उठला.

त्यानंतर तो सात वर्षं जगला. बापाच्या नात्यातल्या नावाड्यांकडे बसून खजुराच्या काथ्याचे दोर वळायचा. हातांना या कामाची सवय नसल्याने त्याचे दोर कुठे जाड, कुठे बारीक व्हायचे आणि नावाडी त्यावरून त्याची थट्टा करायचे. थट्टा करतात हे त्याला बरं वाटायचं, असं अर्वा सांगे. लोक एकदम जवळ आले असं काही झालं नाही. शिंपी शेवटपर्यंत बोलला नाही. तेली बोलला, पण फक्त ईदेला.

एकदा एक नावाडी मुलीच्या लग्नाचं घेऊन त्याच्याकडे आला. मुलगा हमरा मोहल्ल्यातला, बुकैरने तिथे पुष्कळ चौकशा केलेल्या. "तुम्हाला तर सगळं गाव माहीत, चाचा," नावाडी म्हणाला, "मुलगा कसा आहे?"

बुकैरच्या मनात त्या घराबद्दल पाच जणांनी सांगितलेली पाच वाक्यं आली, अगदी आवाजासकट. त्याने वळायचा दोर पायाच्या अंगठ्यात नीट अडकवला.

"मला माहीत नाही रे बाबा," तो म्हणाला. "नावेवर ने त्याला. एक फेरी वर, एक खाली. आणि मग तुला काय वाटतं ते मला येऊन सांग."